मायनर रंगवणाऱ्या भाचीस

गाडी घेतलीस ते छान केलंस. आता तिचा एकही नट सोडण्याआधी माझं एक ऐक. घरच्या गॅरेजमध्ये करायचं काम एकाच कसोटीवर निवडायचं: बिघडलं तर पुन्हा उकलून करता येईल का? येत असेल तर बिनधास्त हात घाल. येत नसेल तर जाणकाराकडे दे, नाहीतर आधी भंगाराच्या पत्र्यावर शिकून घे. पुढे वेल्डिंगचं, रंगाचं, मेणाचं जे काही सांगणार आहे ते सगळं या कसोटीतूनच निघालेलं आहे.

मिडलंड्समधल्या शेडमध्ये डेंटिंग-पेंटिंग करण्यात माझी हयात गेली. तिथे ट्रेलरवर चढवून अर्धवट गाड्या यायच्या. पहिल्या उत्साहात मालकाने गाडी हाडापर्यंत खोललेली, बोल्ट बिस्किटांच्या डब्यात एकत्र ओतलेले, काचेची रबरं कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही. मग पैसे संपतात किंवा उमेद, आणि गाडी तशीच पडून राहते. तू गाडी चालती ठेव. एका वेळी एकच कोपरा खोल, तो पुरा कर, जोड, एक चक्कर मारून ये, मग पुढचा. खोलण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढ, दोन जास्तच काढ. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नाव लिही. 'मला आठवेल' असं म्हणणाऱ्यांना आठवत नाही.

मॉरिस मायनर या बाबतीत फार सोयीची गाडी. तिची चारही मडगार्डं बोल्टने लावलेली आहेत. मडगार्ड उतरवलं की मागचा पत्रा उघडा पडतो, आणि खरी गाडी काय आहे ते तिथे कळतं. बोल्ट गंजलेले असणार. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी त्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल सोड, तारेच्या ब्रशने आटे साफ कर, आणि सोडताना नुसतं डावीकडे न ओढता थोडं पुढे, थोडं मागे कर. तरीही तुटायचा तो तुटेलच. त्याचं दुःख करू नये, नवा बोल्ट मिळतो.

पाने मात्र इंची घे. १९६७च्या मायनरवर बहुतेक ठिकाणी ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचांचे पाने लागतात. १३ मिलिमीटरचा पाना १/२ इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे तो सैल बसून नटाच्या कडा खातो. कडा गेल्या की दहा मिनिटांच्या कामाला दुपार जाते. दुसरं, या गाडीच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या गाड्यांच्या उलट. मधल्या कुणा मालकाने ते बदललंय का तेही बघ. चार्जर लावताना, रेडिओ बसवताना हे डोक्यात असू दे, आणि कुठलंही काम सुरू करताना बॅटरी आधी सोड.

गाडीची थोडी ओळख करून घेतलीस तर नको तिथे लांबी भरणार नाहीस. अलेक इसिगोनिसने ही गाडी काढली, १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि ऑक्सफर्डजवळच्या काउलीत बनू लागली. बाजारात यायच्या जरा आधी इसिगोनिसला ती अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापून घेतली, दोन तुकडे लांब सरकवत नेले आणि चार इंचांवर त्याचं समाधान झालं. तुझ्या बॉनेटच्या मधून जो सपाट पट्टा जातो तो त्या चार इंचांचा आहे. हौशी पेंटर त्याला पोचा समजून भरून टाकतात. तू त्याच्या दोन्ही कडा धारदार राहू दे. पॉलिशपेपर फिरवताना त्या कडांवर मास्किंग टेप लाव. पुढे याच इसिगोनिसने मिनी काढली, तेव्हा त्याचं नाव जगभर झालं, पण मला विचारशील तर घरी दुरुस्त करायला मायनरच बरी. मिनीच्या बॉनेटखाली हात घालायला जागा नाही.

आपल्याकडेही हिचं नातं आहे. हिंदुस्थान मोटर्सची बेबी हिंदुस्थान म्हणजे मायनरच, आणि तुझे आजोबा ज्या अॅम्बेसेडरमध्ये मागे रेलून बसायचे ती मॉरिस ऑक्सफर्ड. अॅम्बेसेडर २०१४पर्यंत बनत होती. मायनर इंग्लंडमध्ये १९७१मध्येच थांबली, तोवर सोळा लाखांवर गाड्या झाल्या होत्या. म्हणून तर तिचे सुटे भाग आजही नवे बनवून मिळतात: मडगार्ड, सिल, फ्लोअर, रबर, सगळं. जिचा पत्रा बाजारात मिळतो अशीच गाडी घरी करायला घ्यावी. त्या दृष्टीने तुझी निवड योग्य आहे.

आता गंज. फुगलेला रंग दिसतो तिथे गंज सुरू झालेला नसतो, तिथे तो बाहेर पडलेला असतो. पाणी कुठून आत येतं आणि कुठे साठतं याचा माग काढ. मडगार्डाच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात चिखल साठतो. तिथला पत्रा आतून खाल्ला जातो. दारांच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती बुजली की दार खालून सडतं. दाराखालचे सिल, गिअरबॉक्सखालून आडवा जाणारा क्रॉसमेंबर आणि त्याची दोन टोकं, मागच्या स्प्रिंगांचे हँगर, जॅक लावायची जागा, डिकीचा तळ. या जागा आधी बघ. पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून सिलवरून फिरव. जिथे तो पकड सोडतो तिथे खाली लांबी आहे. मग एक बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचून बघ. टोचायला मन कचरतं, पण ज्या पत्र्यातून स्क्रूड्रायव्हर आरपार जातो तो पत्रा आधीच गेलेला असतो.

क्रॉसमेंबर एवढा ठासून का सांगतो? कारण मायनरला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. पुढच्या चाकांचा भार पेलणारे टॉर्शन बार मागे येऊन त्या क्रॉसमेंबरमध्ये अडकवलेले असतात. तो कुजला तर गाडी वरून कितीही चकाकली तरी चालवण्याच्या लायकीची नाही. तीच गोष्ट पुढच्या चाकांच्या ट्रनियनची. त्यांना ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात, आणि एके दिवशी चाक आत दुमडून गाडी रस्त्यावर नाक टेकते. रंगाच्या डब्यावर पैसे खर्चण्याआधी ग्रीस गन घे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या आत दडलेला आहे, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. तोही आत्ताच करून घे. कारण ब्रेकचं ऑइल रंग खातं. नव्या रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नको, भरपूर पाणी ओत.

वेल्डिंग ही माझ्या कसोटीवर न उतरणारी गोष्ट. सिल कापला की गाडीचा कणा सुटतो. गाडी दोन टोकांना उचलून धरलेली असेल तर मध्ये वाकते, आणि तशीच नवा सिल जोडलास तर ती कायमची वाकडी. मग दार बंद होत नाही, आणि त्याला कुठलीच लांबी उपयोगाची नाही. म्हणून सिलचं काम वेल्डरकडे दे. पण काम कसं व्हायला हवं ते तुला माहीत असलं पाहिजे, कारण शहाणं गिऱ्हाईक उभं असलं की हात नीट चालतो. गाडी सपाट जमिनीवर, भार चाकांवर किंवा चाकांजवळच्या भक्कम टेकूंवर. दारं जागच्या जागी लावलेली. दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी टेकू ठोकून बसवलेला. एका वेळी एकच बाजू. कापण्याआधी, कापल्यावर आणि जोडल्यावर दाराच्या फटी मोजायच्या. जुन्या कुजक्या सिलवर नवा चकचकीत सिल चढवून देणारे लोक आहेत. ते स्वस्तात करतात आणि दोन हिवाळ्यांत ते आतून पुन्हा खाल्लं जातं. कुजकं सगळं कापून काढ म्हणून अडून बस.

तुला स्वतःला वेल्डिंग शिकायचंच असेल तर शिक. संध्याकाळचे वर्ग असतात. पण आधी डिकीचा तळ, बॅटरीचा ट्रे अशा जागी हात बसव, जिथे भार नाही. आणि मागच्या बाजूला ठिणगी पाडायची असेल तर पेट्रोलची टाकी आधी उतरव. ती डिकीच्या खालीच आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, कारण आत वाफ असते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकच्या भरवशावर जायचं नाही, अॅक्सल स्टँड लावायचे. हे तुझ्या मामीनेही तुला सांगितलं असेल, मी पुन्हा सांगतो.

रंग खरवडायला घेशील तेव्हा धुळीचं भान ठेव. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नको, वॉटरपेपरने पाणी घालून घास, मास्क लाव, कपडे वेगळे धू, आणि पोरांना तिकडे फिरकू देऊ नको. ब्रेकच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवायची नाही; जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद कर.

तुझी गाडी आज लाल आहे. डॅशबोर्डच्या मागे आणि गालिच्याखाली तू मला जो हिरवा दाखवलास तो आल्मंड ग्रीन, म्हणजे कारखान्यातून ती हिरवी निघाली. लाल नंतरचा, कुणी तरी घाईत मारलेला. मूळ रंगाकडे परत जावं असं माझं मत. स्मोक ग्रे, ट्रॅफल्गर ब्लू, रोझ टोप, ओल्ड इंग्लिश व्हाइट, हे त्या काळचे मायनरचे रंग मुद्दाम सौम्य होते आणि त्या गोलसर अंगाला ते शोभतात. आजचे चमकी घातलेले रंग तिच्यावर चढवलेले पाहिले की मला कसंसंच होतं. रंग जुळवायला दुकानात नमुना न्यायचा तो उन्हाने न विटलेल्या जागेचा ने, बॉनेटचा नको.

कुठला रंग घ्यावा, यावर इथे लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं उत्तर सोपं आहे. घरी टू-पॅक मारायचा नाही. तो दिसतो सुंदर, पॉलिश न करताच चकाकतो, टिकतोही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं की माणसाला कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. दुकानात मिळणारा कोळशाचा मास्क त्याला पुरत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, हवा खेचणारी बंद खोली लागते. आमच्या शेडमध्ये ते सगळं होतं. तुझ्या गॅरेजमध्ये नाही, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे.

तुला सेल्युलोज घ्यायचा आहे. आपल्याकडे ज्याला ड्युको म्हणतात तोच. सेल्युलोज थिनर उडून गेला की वाळतो, आणि वाळल्यावरही पुन्हा थिनर लागला तर विरघळतो. ओघळ आला? वाळू दे, घास, पुन्हा मार. धूळ बसली? घास. माशी येऊन चिकटली? तीही घास. वर्षाने कुणी दार ओरखडलं तर तेवढाच तुकडा मारून आजूबाजूत मिसळता येतो. म्हणजे हा रंग उकलता येतो. मेहनत मात्र दुप्पट, कारण त्याची चमक गनमधून येत नाही, ती हाताने घासून काढावी लागते. प्रदूषणाच्या नियमांमुळे इथे आता हा रंग जुन्या, क्लासिक गाड्यांच्या कामापुरताच विकतात, तेव्हा दुकानदाराने गाडी कुठली म्हणून विचारलं तर रागावू नको.

गन धरायचा अजिबात धीर होत नसेल तर तिसरा मार्ग आहे: कोच इनॅमल, ब्रशने. हसू नको. उत्तम ब्रश, धीर आणि पातळ हात असतील तर चार पावलांवरून कुणाला कळत नाही. पण तो तासन्‌तास ओला राहतो आणि तेवढा वेळ धूळ ओढतो. शिवाय त्याच्यावर नंतर सेल्युलोज मारता येत नाही, खालचा रंग सुरकुततो. म्हणूनच तुझ्या लाल रंगाची परीक्षा आधी घ्यायची. डिकीच्या झाकणाच्या आत, न दिसणाऱ्या जागी, सेल्युलोज थिनरमध्ये भिजवलेलं फडकं पाच मिनिटं दाबून ठेव. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो सेल्युलोज, त्यावर मारता येईल. सुरकुतून वर आला तर तो काढूनच टाकावा लागेल. रंगाला काहीच झालं नाही तर टू-पॅक असण्याची शक्यता जास्त. त्याला घासून खरखरीत केला की तो चांगला पाया होतो.

उघड्या पडलेल्या पत्र्याला त्याच दिवशी प्रायमर. इंग्लंडच्या हवेत स्वच्छ पत्रा रात्रभर उघडा ठेवलास तर सकाळी पिवळसर दिसतो. पण साधा प्रायमर पाणी शोषतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. प्रायमर मारून गाडी आठ दिवस पावसात उभी केली की खाली गंज सुरू. तू कोपरा-कोपरा करत जाणार आहेस, तेव्हा तुला इपॉक्सी प्रायमर हवा. तो पाणी आत सोडत नाही आणि लहान जागी ब्रशनेही लावता येतो. डब्यावरची सूचना वाचून आयसोसायनेट नसलेलाच घे, आणि हातमोजे घाल. त्याच्यावर लांबी भरलीस तरी चालेल, उघड्या पत्र्यावर भरलीस तरी चालेल. आम्लाच्या एच प्रायमरवर मात्र लांबी कधी भरू नको. दोघांचं पटत नाही, वर्षाने फुगून येते. आणि भोक बुजवायला लांबी वापरायची नाही. ती पत्र्याची उंचसखल जागा सारखी करण्यापुरती, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. आधी हातोडी आणि डॉलीने पत्रा शक्य तेवढा जागेवर आण.

घासकाम हा या सगळ्यातला कंटाळवाणा भाग, आणि गाडी बघणाऱ्याला शेवटी तोच दिसतो. लांबी ८० नंबरने आकारात आण, मग १८०, मग २४०. कागद कधी नुसत्या बोटांनी धरू नको, बोटांच्या रेघा उमटतात. लाकडी ठोकळ्याला गुंडाळून धर, गोलाईवर रबरी ठोकळा. प्रायमरचे दोन-तीन हात झाले की त्याच्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मार आणि ४०० नंबरच्या वॉटरपेपरने पाण्यात घास. काळं जिथे राहिलं तिथे खळगा, जिथे लगेच गेलं तिथे उंचवटा. डोळ्याला जे दिसत नाही ते असं दिसतं. शेवटी ८०० नंबर. डोळे मिटून हात फिरव. तळव्याला जे जाणवतं ते चकाकल्यावर सगळ्या गल्लीला दिसेल.

आता हवामान. पत्र्याचं काम वर्षभर कर. रंगाचा शेवटचा हात मात्र मे ते सप्टेंबर, आणि तोही सगळ्या गाडीला एकाच आठवड्यात. आल्मंड ग्रीन पाच लिटर एकदम घे, एकाच वेळी मिसळलेला. अर्धा आज, अर्धा पुढच्या महिन्यात असं केलंस तर दार आणि मडगार्ड वेगवेगळे हिरवे होतील. दमट दिवशी सेल्युलोज मारला तर थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. अँटी-ब्लूम थिनर मिळतो, पण खरा उपाय म्हणजे दिवस चांगला निवडणं. गाडी आदल्या रात्रीपासून आत उभी कर म्हणजे पत्रा हवेइतका उबदार होतो. गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर लावून खोली गरम करायची कल्पना डोक्यातून काढून टाक. त्यातून पाण्याची वाफ निघते, आणि थिनरच्या वाफेजवळ ज्योत म्हणजे स्फोट. तुमच्या गॅरेजमध्ये घराच्या हीटिंगचा बॉयलर आहे ना? तो त्या दिवशी पूर्ण बंद. शेगडीही. दारं उघडी ठेवून हवा खेळती ठेव, आणि या रंगालाही चांगला व्हेपर मास्क लागतोच.

जमीन पाण्याने ओली कर म्हणजे धूळ उडत नाही. सिलिकॉनचं पॉलिश, डॅशबोर्ड चमकवायचे स्प्रे गॅरेजच्या बाहेर ठेव. त्याचा एक थेंब पत्र्याला लागला की रंग तिथून पळतो आणि गोल खळगे पडतात. पॅनल वाइप एका फडक्याने लावायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. मास्किंगला वर्तमानपत्र नको, शाई उतरते. खाकी कागद आण. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी पकडणारा ट्रॅप हवाच.

रंग आणि थिनर निम्मे-निम्मे घेऊन पातळ दुधाइतका कर, गाळून घे. आधी जुन्या पुठ्ठ्यावर, मग उतरवलेल्या एखाद्या भागाच्या आतल्या बाजूवर हात बसव. गन पत्र्यापासून सहा ते आठ इंचांवर, सगळीकडे सारखी, मनगट न वळवता हात सरकवायचा. ट्रिगर कडेच्या आधी दाबायचा, कड ओलांडल्यावर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर. दारांच्या आतल्या कडा आधी, मग छत. छत एका बाजूने मध्यापर्यंत, लगेच पलीकडे जाऊन उरलेलं, म्हणजे मधली कड ओली असताना मिसळते. दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटं. पाच-सहा पातळ हात दे. एका जाड हाताने वेळ वाचत नाही, ओघळ मिळतो. शेवटच्या हातात थिनर थोडा जास्त. मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, हळू, स्वतःवर दुमडत काढ.

मडगार्डं वेगळी उतरवून रंगव. बॉडी आणि मडगार्ड यांच्यामध्ये जी प्लॅस्टिकची पायपिंग असते ती रंगवायची नसते, त्या रंगाची नवी मिळते. बोल्ट सैल ठेवून मडगार्ड टांग, पायपिंग सरकव, दार उघडबंद करून फट बघ, आणि मगच मधून बाहेरच्या बाजूला एकेक बोल्ट आवळत जा. जुन्या रंगाच्या डागांनी भरलेली पायपिंग दिसली की ओळखावं, मडगार्ड न उतरवता गाडी मारलेली आहे.

मग दोन आठवडे तिला हात लावू नको. थिनर आतून पूर्ण उडू दे. नंतर १५०० आणि २००० नंबरचा वॉटरपेपर, पाण्यात साबणाचा थेंब टाकून. कडांवर आणि बॉनेटच्या त्या पट्ट्याच्या धारेवर जपून, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. मग कंपाउंड, हाताने किंवा हळू फिरणाऱ्या मशीनने. मेणाचं पॉलिश दोन-तीन महिने नको.

आतल्या पोकळ्यांत मेण सोडायचं ते रंग झाल्यावर, आधी नाही. मेणाचा अंश पत्र्याला लागला तर रंग धरत नाही. सिल, दारं, क्रॉसमेंबर, सगळ्यांत लांब नळीने पातळ मेण फवार. गाडीखाली डांबरी अंडरसील फासू नको. ते कडक होऊन तडकतं, आत पाणी धरतं आणि खाली काय चाललंय ते दिसू देत नाही. मेण पुसून बघता येतं. शेवटी दारांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करायला विसरू नको. नव्या रंगाने ती हटकून बुजतात.

कागदपत्रांचं थोडं. चाळीस वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाडीला इथे एमओटी ही वार्षिक तपासणी सक्तीची नाही आणि रोड टॅक्सही पडत नाही, पण शून्य रकमेचा टॅक्स दरवर्षी भरल्याची नोंद करावीच लागते. सक्ती नसली तरी एमओटी कर. परक्या माणसाने वर्षातून एकदा गाडीखाली दिवा धरून बघणं तुला परवडेल. पेट्रोल ई५ घाल, ई१० जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. आणि गाडीच्या लॉगबुकात अजून लाल रंगाचीच नोंद आहे. आल्मंड ग्रीन झाली की लॉगबुकात तो बदल भरून स्वान्झीला डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे पाठव, विमा कंपनीलाही कळव. डीव्हीएलए त्याचे पैसे घेत नाही.